अकरा कोरे कागद

१२ जानेवारी

आज साडेपाचला उठलो. दूध तापत ठेवून गॅलरीत गेलो, तेवढ्यात उतू गेलं. ओटा पुसला. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, त्याखाली बादली ठेवली. दहाला वाचनालयात जाऊन तुझ्या आईच्या नावावरची दोन पुस्तकं परत केली. दुपारी आडवा झालो, झोप लागली नाही. चारला मावशी येऊन गेली. तिने आणलेलं दोन वेळांना पुरेल. एवढंच.

मायना न लिहिता सुरुवात केली आहे, कारण काय लिहावं ते ठरेना. 'चि.' लिहून पाहिलं, ते ऑफिसातून आल्यासारखं वाटलं. 'प्रिय' मी कधी कुणाला लिहिलेलं नाही. दोन कागद फाडले. हा तिसरा.

फोनच करणार होतो. पण सहा वर्षांपूर्वी घर सोडताना तू आईला घातलेली अट आठवली. बाबांचं तोंडी काही नको, जे असेल ते लेखी आणि सहीनिशी. माझंच वाक्य तू मला परत दिलंस. म्हणून लिहितो आहे.

आई गेल्यावर तू चार दिवस राहून गेलीस, त्याला आता सात आठवडे झाले. त्या चार दिवसांत आपण किती बोललो ते मी आठवून पाहिलं. चहा, गॅसचं पुस्तक, आईच्या औषधांचा डबा, विमानाची वेळ. आणि निघताना दारात, बॅग उचलता उचलता, तू मला विचारलंस, "सही तुमचीच होती ना?" खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणालो, "हो." तू मान हलवलीस आणि जिना उतरलीस. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने गेलीस.

तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते विसरतो.

नळ दुरुस्त करणारा कोण, त्याचा नंबर कुठे लिहिलेला आहे, हे तुझ्या आईलाच माहीत होतं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "भावोजी, तीस मजल्यांची लिफ्ट थांबवत होतात, आणि घरातलं पाणी बंद करता येत नाही?" खरं आहे. घरचा मेन कॉक कुठे आहे ते मला माहीत नाही. पस्तीस वर्षं या घरात राहतो.

एक काम होतं. तुझ्या आईचे कागद नीट लावून ठेवतो आहे. आम्ही तुला पाठवलेली पत्रं तू जपून ठेवली असशील, तर त्यांच्या प्रती पाठवशील का? तिच्या इतर कागदांबरोबर ठेवता येतील.

बाबा


३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पाकीट काल पोचलं. आज सकाळपासून पाऊण वाजेपर्यंत तेच वाचत होतो. मग जेवलो आणि पुन्हा बसलो.

चौदातल्या दोनच पत्रांच्या प्रती तू पाठवल्यास आणि विचारलंस, "तुमचीच पत्रं तुम्ही माझ्याकडे का मागता?" त्याचं उत्तर या पत्रात देत नाही.

आधी तेराव्या पत्राबद्दल. आता मला कळलं, दारात तू कशाबद्दल विचारत होतीस. त्यात लिहिलं आहे, "डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप बदलावी लागेल. आम्ही दोघांनी नीट विचार करून ऑपरेशन न करायचं ठरवलं आहे. बाबांची सही खाली आहेच." आई फोनवर हे बोलली तेव्हा तुला पटलं नाही, तू "बाबांचं लेखी हवं" म्हणालीस, आणि मग हे पत्र आलं, असं तू लिहितेस. आणि पुढे लिहितेस की एका माणसाने जरी नको म्हटलं असतं तरी ती आज असती, आणि तो माणूस मी होतो.

मला एवढंच सांगायचं आहे की 'आम्ही दोघांनी' हे शब्द माझे नाहीत. ते तुझ्या आईचे आहेत. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणायची. मी तिला गाडीने सोडत होतो आणि खाली गाडीतच पेपर वाचत बसत होतो. ती खाली आली की विचारायचो, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "सगळं वयाप्रमाणे." मी गाडी सुरू करायचो.

तिसरं पत्र तू हत्यारांच्या पेटीत, झाकणाच्या आत लावून ठेवलं आहेस हे वाचून बरं वाटलं. त्या पत्रामुळे तू परत लिफ्टच्या कामात आलीस हे मला माहीत नव्हतं. ते तुझ्या उपयोगी पडलं याचं समाधान आहे.

इथे थंडी कमी झाली. नळ तसाच आहे. बादली दिवसातून तीनदा रिकामी करतो, झाडांना घालतो.

बाबा


२४ फेब्रुवारी

आज पाच वाजल्यापासून जागा आहे. दाढी केली. बादली रिकामी केली. तुझ्या पाकिटात एकच ओळ होती:

"एकाच सहीखालचं चांगलं ते तुमचं आणि वाईट ते आईचं, असं कसं, बाबा?"

ही ओळ तू माझ्यासारखी लिहिलीस. मीही असंच विचारलं असतं.

मागच्या पत्रात मी चलाखी केली. खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, पण कागदाची एक बाजू दाखवली आणि दुसरी झाकून ठेवली. हाताखालच्या माणसांनी असे रिपोर्ट आणले की मी ते तोंडावर परत फेकत असे. आता सरळ सांगतो.

चौदा पत्रांपैकी पहिली दोन मी वाचली होती. त्यानंतरचं एकही वाचलेलं नाही.

झालं ते असं. तू गेल्यावर तुझी आई म्हणाली, "अहो, तिला सहीनिशी हवं आहे, तर सांगा, मी लिहून घेते." मी बसलो. तिने पहिलं वाक्य विचारलं, मला सुचलं नाही. तिने दोन-तीन सुचवली, मी म्हणालो ठीक आहे. पहिलं पत्र असं झालं. दुसरं तिने लिहून आणलं, मी वाचून सही केली. तिसऱ्याच्या वेळी मला पहाटे दौऱ्यावर निघायचं होतं. ती वही घेऊन आली तेव्हा मी बूट घालत होतो. म्हणालो, "तू लिहितेस ते बरोबरच असणार. दे इकडे." आणि पत्राच्या पॅडवरच्या उरलेल्या सगळ्या कागदांवर, खाली उजव्या कोपऱ्यात, सह्या करून दिल्या. तेवीस सह्या. दोन मिनिटं लागली. ती म्हणाली, "सगळ्याच?" मी म्हणालो, "रोज रोज कुठे बसायचं."

मला तेव्हा हलकं वाटलं, हेही लिहितो. तुझं माझं जे काही बिघडलं होतं ते चांगल्या हातात दिलं, आता होईल नीट, असं वाटलं.

तुझ्या आईचं शिवणाचं कपाट उघडलं तेव्हा ते पॅड सापडलं. तुला १२ जानेवारीचं पत्र लिहिण्याच्या दोन दिवस आधी. त्यात अकरा कागद उरले आहेत. वरून कोरे, खाली माझी सही. म्हणून तुझ्याकडे पत्रं मागितली. 'कागद नीट लावतो आहे' हे खरं नव्हतं. माझ्या नावाने काय काय लिहिलं गेलं ते मला बघायचं होतं.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून मीच म्हणतो. आठ वर्षांपूर्वी अचानक तपासणीत तुझ्या विभागातल्या लिफ्टच्या दोरात हातभर अंतरात चौदा तारा तुटलेल्या मला सापडल्या. महिन्याच्या तक्त्यावर तुझी सही होती. 'दोर तपासला.' तू स्वतः वर चढली नव्हतीस, मिस्त्रीला विचारलं होतंस, तो "बघितला" म्हणाला आणि तू सही केलीस. कुणाला काही झालं नाही. लिफ्ट बंद केली, दोर बदलला, संपलं असतं. मी रिपोर्ट लिहिला. तुझा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. जेवायच्या टेबलावर मी तुला म्हणालो, "ज्याला सहीची किंमत कळत नाही त्याने हातात पेन धरू नये." तू म्हणालीस, "मग माणसावर विश्वास कधी ठेवायचा?" मी म्हणालो, "काम सोपवावं, कळणं सोपवू नये." दोन वर्षं तू घरात बसलीस, माझ्याशी बोलली नाहीस, आणि परवाना परत मिळाला त्या आठवड्यात परदेशी निघून गेलीस.

आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मी तेवीस कोऱ्या कागदांवर सह्या केल्या.

मावशीला काल हे सांगितलं. तिला अर्धं माहीत होतं. ऑपरेशनचंही. मी विचारलं, "मला का सांगितलं नाही?" ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरचीच तपासणी काढली असती. आणि तिला उचलून टेबलावर ठेवलं असतं. तिला ते नको होतं, भावोजी. वाचायची खात्री निम्मी. ती म्हणाली, उरलेले दिवस घरी, चालत्याबोलत्या." मग म्हणाली, "लोकांच्या लिफ्टा बघत फिरलात. दिव्याखाली अंधार."

ती गेल्यावर घरातले सगळे दिवे बघून आलो. सगळे बंद होते.

तर ऑपरेशन नको हे मी ठरवलं नाही. पण तुझी माफीही मी मागितली नाही. तुझ्या पेटीच्या झाकणात आहे ते पत्र मी या महिन्यात पहिल्यांदा वाचलं. ते काढून टाकायचं असेल तर काढ.

बाबा


२ मार्च

तुझं उत्तर अजून यायचं आहे. तरी लिहितो. आज सकाळी तुझा तो मिस्त्री येऊन गेला, आणि ते तुला कळायला हवं.

आधी हे सांगतो की गेले पाच दिवस मी तिसरं पत्र समोर ठेवून तपासतो आहे. दुसरं काय करणार, मला तेवढंच येतं. डावीकडे ओळी, उजवीकडे तीन रकाने. खरी, खोटी, माहीत नाही.

'बाबा सांगताहेत, मी लिहून घेते आहे.' खोटी.

'तो रिपोर्ट बरोबर होता.' खरी. अजूनही.

'पण तो लिहायच्या आधी मी तुला एकदा विचारायला हवं होतं.' इथे अडकलो. तेव्हा मला असं वाटत नव्हतं. आज वाटतं. अशा ओळीसाठी रकाना नाही.

'मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो.' हे माहीत नाहीमध्ये टाकलं. मग मावशीला फोन करून विचारलं, असं आहे का? ती एवढी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "भावोजी, तुमच्या लग्नात तुमचा नवा बूट फाटला होता, आठवतं? कुणाला सांगितलं नाहीत आणि दिवसभर आमच्या वडिलांवर डाफरत होतात." ओळ खरीमध्ये नेली.

'तुझ्यासारखा कान माझ्या हाताखालच्या कुणाला नव्हता.' खरी. ब्रेक घासायला लागला की तुला दोन मजले खालून ऐकू यायचं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्या आईला म्हटलं होतं, जेवताना, एकदा. तिने ते ठेवून दिलं असणार.

आणि ही ओळ: 'त्या रिपोर्टात एक गोष्ट मी लिहिली नाही. दोरावर फडकं कसं फिरवायचं हे मिस्त्रीला शिकवायचं काम माझं होतं. ते राहून गेलं.'

हे वाचलं त्या दिवशी मी घराबाहेर पडलो आणि अंधार पडेपर्यंत चालत राहिलो. कारण ही ओळ खरी आहे आणि ती मी जन्मात कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आईला तर नाहीच. मिस्त्री तुझ्याकडे यायच्या आधी सहा वर्षं माझ्याकडे होता. दोराला वंगण असतं, त्याखाली तुटकी तार डोळ्याला दिसत नाही. लिफ्ट अगदी सावकाश चालवून दोराभोवती सुती फडकं हलकेच धरायचं, तार तुटलेली असली की फडक्याचा धागा अडकतो. हे मी बाकी सगळ्यांना शिकवलं. त्या आठवड्यात तो आजारी होता. नंतर शिकवू म्हणालो. त्याच्या नावापुढे खूण मात्र केली. रिपोर्ट लिहिताना हे मला आठवलं होतं. आठवूनही लिहिलं नाही.

मिस्त्री आज भेटायला आला. इतके दिवस गावाला होता, वहिनींचं परवाच कळलं म्हणाला. केस पिकले आहेत. खुर्चीवर टेकून बसेना. मी चहा केला, साखर विसरलो, तो तसाच प्यायला.

मी विचारलं, "त्या दोराचं एकदा खरं सांगशील?"

तो म्हणाला, "साहेब, आठ वर्षांनी?"

"सांग."

"ताईंना मी खोटं बोललो नव्हतो. बघितला म्हणालो, बघितलाच होता. टॉर्च मारून, वरपासून खालपर्यंत. त्यांनी विचारलं, 'नीट बघितलास?' मी म्हणालो, 'हो.' कसा बघितलास ते त्यांनी विचारलं नाही, आणि बघायची दुसरी काही रीत असते हे मला कुठे ठाऊक? तुम्ही रिपोर्ट काढलात तेव्हा मला कळलं की फडकं म्हणून काही असतं."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तुम्हाला?" तो कपाकडे बघत राहिला. "तुम्हाला सांगायचं म्हणजे... तुमचंच शिकवायचं राहिलं, असं तुम्हाला सांगायचं? नोकरी होती साहेब." मग म्हणाला, "वहिनींना सांगितलं होतं की. त्या आल्या होत्या घरी."

"कधी?"

"ताई परदेशी गेल्यावर. म्हणाल्या, मला साहेबांच्या वतीने एक पत्र लिहायचं आहे, त्यात चुकीचं काही जायला नको. दोन तास बसल्या. दोर कसा असतो, वंगण कशाला, फडकं कुठे धरायचं. आमच्या हिचं धुणं वाळत होतं, त्या दोरीवर पदर धरून बघितला त्यांनी."

तो गेल्यावर मी कप तसेच ठेवले आणि तुझ्या आईच्या खुर्चीत बसलो. तिथे मी बसत नाही.

मी सही करताना काय लिहिलं आहे ते विचारलं नाही. तू सही करताना दोर कसा बघितला ते विचारलं नाहीस. तिच्याकडे काम आलं तेव्हा तिने दोन बसेस बदलून जाऊन विचारलं. माझं काम तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, आणि मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवत होतो.

हे लिहून मी सुटायला बघत नाही. आई चांगली म्हणून माझं भागतं असं नाही. माझ्या धंद्यात नियम एकच आहे, तो मी तुला लावला. ज्याची सही त्याची जबाबदारी. वाचलं होतं की नाही हे कुणी विचारत नाही. म्हणून तिसरं पत्र माझं आणि तेरावंही माझं. ऑपरेशन नको याला माझी सही आहे. मी नको म्हणालो असं तू धर. मी तुला खोटं ठरवणार नाही.

तुझा मी रिपोर्ट लिहिला होता. माझा तू लिही. काय ते ठरव आणि सहीनिशी पाठव. दोन वर्षं म्हणालीस तर दोन वर्षं.

ते अकरा कागद मी रद्द केले. प्रत्येकावर आडव्या दोन रेघा, तारीख. सह्या करायला दोन मिनिटं लागली होती. यालाही तेवढीच लागतील असं वाटलं होतं, पण दुपार गेली. प्रत्येक कागदावर थांबून बघत होतो, यावर तिने काय लिहिलं असतं.

बाबा


२७ मार्च

खारूताई,

सकाळी सहाला उठलो. दूध उतू गेलं नाही. गॅसजवळ उभा राहिलो होतो.

माझ्या नावाने आलेल्या चौदाही पत्रांत हाच मायना आहे असं तू फेब्रुवारीच्या पाकिटावर, मागच्या बाजूला, पेन्सिलीने लिहिलं होतंस. ते मला फार उशिरा दिसलं. समोरच्या दोन प्रतींतही तो होता, पण मी मायना सोडून खालच्या ओळीच तपासत बसलो. तू चार वर्षांची असताना पडद्याला धरून माळ्यावर चढायचीस, तेव्हा मी तुला असं म्हणायचो. पहिल्या दोन पत्रांत मी हा मायना वाचला असणार. माझ्या लक्षात राहिला नाही.

तुझं नवं पाकीट परवा आलं. आत एकच कागद. कोरा. खाली उजव्या कोपऱ्यात तुझी सही.

उलटा करून बघितला. खिडकीशी धरून बघितला. मग टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याभोवती फिरतो आहे. जेवतो ते ओट्याशी उभ्याने, कारण टेबल अडलं आहे.

मावशीने बघितला. म्हणाली, "अहो, यात कसलं कोडं? 'माफ केलं' असं लिहा आणि मोकळे व्हा. सही आहेच." नंतर जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "की चिडून पाठवला असेल हो? घ्या, भरा आता, म्हणून?"

चिडून पाठवलास की विश्वासाने, ते मला कळलेलं नाही. पूर्वी अशा वेळी मी तुझ्या आईला विचारलं असतं, आणि ती म्हणाली असती ते धरून चाललो असतो. या वेळी तुलाच विचारतो.

कागद परत पाठवत आहे. यात मी काही लिहिणार नाही. माफीही नाही आणि शिक्षाही नाही. तुझ्या सहीच्या वरची जागा तुझी आहे. वर्षाने लिही, दहा वर्षांनी लिही, चार शिव्या लिही. जे लिहिशील ते मी वाचीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तोपर्यंत मला एक सांग. तेराव्या पत्रात, अगदी शेवटी, आईने विचारलं आहे, 'गुडघा आता कसा आहे?' माझी सही त्याच्याखाली आहे. कोणता गुडघा, कधी लागलं, कशाने, मला काही माहीत नाही. उजवा की डावा, इथपासून सांग.

आणखी एक. तिने ते ठरवलं तेव्हा मला कळलं असतं तर मी ऑपरेशन करायला लावलं असतं. मावशी बरोबर बोलते. त्याने ती वाचली असती की टेबलावरच गेली असती, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. पण ती घाबरली असेल, आणि त्या दिवसांत ती एकटीच घाबरत होती, मी खाली गाडीत पेपर वाचत होतो. याला रकाना नाही. मी तो शोधायचं सोडून दिलं आहे.

हे पत्र लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. एक ओळ खोडली. खोडलेली तुला वाचता येईल, मुद्दाम फार गिरबटलेली नाही.

तुझे
बाबा

ता. क. मेन कॉक सापडला. न्हाणीघरात, कपडे धुवायच्या मशीनच्या मागे. त्याला तुझ्या आईने लाल दोरा बांधून ठेवला आहे. मशीन एकट्याने सरकवायला अर्धा तास लागला. कॉक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून बघितला. थोडं पाणी आलं, मग थांबलं. नळ खोलून आतला वॉशर काढला, तो पार झिजला आहे. मापासाठी खिशात ठेवला. आता हे पाकीट टपालात टाकतो आणि येताना नवा वॉशर घेऊन येतो.